खणाच्या मापाने बांधलेले घर

जुन्या पुण्यात घर मोजायचे ते खणांनी. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. अमुक वाड्याचा सोपा सात खणी, माजघर पाच खणी, दिवाणखाना नऊ खणी, असा हिशेब मालक, सुतार आणि गवंडी तिघेही सारखाच करीत. आज आपण घर चौरस फुटांत मोजतो. चौरस फूट हे रिकाम्या जागेचे माप, तर खण हे बांधणीचे माप. सात खण म्हटले की किती खांब, किती तुळया, किती कड्या लागणार हे सुताराला तिथल्या तिथे समजे. खणाची रुंदी गावागणिक आणि मालकाच्या ऐपतीप्रमाणे कमी-जास्त होई, तरी बहुधा ती पाच ते आठ फुटांच्या आसपास राही. मराठी वाड्याविषयी लिहिताना चौक, देवघर, नक्षी, सज्जे यांचे वर्णन पुष्कळ होते. कोणी पेशवाईचे वैभव सांगतो, कोणी एकत्र कुटुंबाची ऊब. हे सगळे खरे आहे. पण वाड्याचा आकार मुळात ठरला तो खणाने, म्हणजे सागाच्या लाकडाने आणि ते उभे करण्याच्या रीतीने. घरात काय हवे ते माणसांनी ठरवले. ते कोणत्या रूपात मिळेल हे बांधणीने ठरवले.

एक खांब जवळून पाहू. जमिनीवर आधी काळ्या दगडाचा तळखडा बसतो, कारण लाकूड जमिनीला टेकले तर ओल चढते आणि वाळवी लागते. तळखड्यावर सागाचा चौकोनी खांब. त्याच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखा आडवा लाकडी तुकडा, म्हणजे हस्त, आणि हस्तावर तुळई. हस्त कोरीव असतो, त्याला पाने-फुले, कधी पोपट, कधी केळफूल लोंबते, म्हणून पाहणारा त्याला शोभेची वस्तू समजतो. त्याचे खरे काम दोन खांबांमधले उघडे अंतर थोडे कमी करून तुळईचा भार झेलणे हे आहे. तुळईवर जवळजवळ ओळीने कड्या, कड्यांवर फळ्या, म्हणजे कडीपाट. त्यावर विटांचे तुकडे आणि मातीचा जाड थर, आणि वर शेणाने सारवलेली जमीन. हा मातीचा थर वजनदार असतो. वरचा मजला थंड राहावा, पावलांचा आवाज खाली येऊ नये आणि फटींतून धूळ गळू नये म्हणून तो हवाच असतो. पण त्याचे ओझे तुळईवर कायमचे बसते. तुळई लांब केली तर ती मधोमध लवते. सागाचा सरळ, गाठी नसलेला सोट किती लांब मिळतो, बैलगाडीवरून घाटवाटेने किती लांबीचे लाकूड आणता येते आणि त्यावर किती माती ठेवायची, या तीन गोष्टींनी खणाला मर्यादा घातली.

या मर्यादेतून पुढचे सगळे निघते. खोली लांबीला हवी तेवढी वाढवता येते, कारण एकापुढे एक खण जोडत जायचे; रुंदीला मात्र ती दोन-तीन खणांपलीकडे जात नाही. गेलीच तर मध्ये खांबांच्या रांगा उभ्या राहतात. म्हणून वाड्यातली माजघरे आणि सोपे लांबट, अरुंद असतात, आणि दिवाणखान्यात मधल्या रुंद पट्ट्याच्या दोन्ही अंगांना सुरूच्या घाटाचे खांब आणि त्यांना जोडणाऱ्या लाकडी महिरपी दिसतात. नाना फडणविसांच्या 1780 च्या सुमाराच्या नाना वाड्यातला दिवाणखाना याचा उत्तम नमुना आहे. तिथले खांब दरबारी थाटासाठी उभे केले असे वाटते. खरे तर ते काढले असते तर छत उभेच राहिले नसते. थाट त्या गरजेवर चढला. आता असे लांब-अरुंद सोपे घेऊन मोठे घर बांधायचे तर काय करणार? ते एकमेकांना चिकटवून ठेवले तर मधल्या खोल्यांना ना उजेड ना वारा. मग त्यांची चौकट करायची आणि मध्ये आभाळ मोकळे सोडायचे. हाच चौक. घर आणखी मोठे हवे तर दुसरा चौक, मग तिसरा. वाडा मोठा झाला तरी त्याचा सोपा जाड होत नाही, चौकांची संख्या वाढते. मराठी वाड्याचा चौक हा रुंद होऊ न शकणाऱ्या छताने मागितलेला उजेड आहे, असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप हवामानाचा येईल. देशावरचा उन्हाळा कोरडा, म्हणून सावलीचा चौक. कोकणात पाऊस धो धो, म्हणून तिथल्या घरांना चौक कमी आणि एकसंध उतरते छप्पर. हे स्पष्टीकरण सोपे आहे आणि अर्धे बरोबरही आहे. पण कोकणाएवढाच मुसळधार पाऊस असलेल्या केरळात जुने नालुकेट्टू घर चौकाभोवतीच उभे राहते, आणि तेही लाकडाच्याच कसबावर. तेव्हा पावसाने चौक बाद होतो असे म्हणता येत नाही. कोकणाचा फरक समजायचा तर तिथल्या भिंतीकडे पाहायला हवे. कोकणात आणि गोव्यात जांभा आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हत्याराने चिरे पाडता येतात आणि हवा लागली की कठीण होतो. चिऱ्यांची भिंत छपराचा भार स्वतः पेलते. खांब लागतात ते ओटी-पडवीपुरते. भिंतींवर टेकलेले एकच मोठे छप्पर पाखे लांबवत खाली उतरते आणि घर त्याच्या पोटात मावते. देशावरचा काळा दगड घडवायला फार कष्टाचा. तो जोत्याला, तळमजल्याच्या बाहेरच्या भिंतीला, दरवाजाला वापरायचा. वर विटा, आणि आत सगळा लाकडी सांगाडा. भिंतीत खांब गाडलेले असतात आणि भार मुख्यतः त्यांच्यावर. म्हणून चौकाकडची बाजू भिंतीशिवाय पूर्ण उघडी ठेवता येते, आणि ओसरीवर बसलेल्या माणसाला सगळे घर दिसते. हवामान दोन्हीकडे आपले काम करतेच. पण एकाच पावसाला उत्तर म्हणून कोकणात आणि केरळात दोन वेगळी घरे तयार झाली, ती हाताशी असलेल्या दगड-लाकडामुळे.

दुसरा आक्षेप समाजाचा आहे, आणि तो जास्त वजनदार आहे. पहिला चौक कारभाराचा, आलेल्या-गेलेल्यांचा. मागचा चौक बायकांचा, स्वयंपाकाचा, विहिरीचा. सोवळे-ओवळे, गडीमाणसांची ये-जा, अडचणीच्या दिवसांत बाजूला बसणे, या सगळ्याची सोय वाड्याच्या रचनेत केलेली दिसते. मग वाडा हा त्या समाजाच्या श्रेणींचा नकाशा नव्हे काय? आहे. कोणता चौक कोणासाठी हे बांधणीने ठरवले नाही. ते जातीने, लिंगाने आणि सत्तेने ठरवले, आणि त्यातली दडपणूक झाकण्याचे काही कारण नाही. परंतु त्याच श्रेणी तेव्हाच्या कोकणातल्या चौक नसलेल्या घरातही पाळल्या जात होत्या: ओटी पुरुषांची, माजघर बायकांचे, मागची पडवी कामाची. तेच नियम एका ठिकाणी चौकांतून आणि दुसऱ्या ठिकाणी एका छपराखालच्या ओळीतून पाळले गेले. समाजाने वाटणी केली. वाटणी करायला जागा कोणत्या आकाराची मिळाली, ते सुताराने आणि गवंड्याने सांगितले.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पेशव्यांच्या कारागिरांना कमान येत नव्हती असे नाही. शनिवारवाड्याच्या वेशी कमानीच्या आहेत. घाट, बारव, मंदिरांचे घुमट, कात्रजच्या तळ्यावरून शहरात पाणी आणणारा नळ, हे सगळे दगड-चुन्याचे काम त्याच काळातले. विजापुरात 1656 साली पुरा झालेला गोल घुमट एवढी मोठी जागा एकाही खांबाशिवाय झाकून उभा होता, तोही याच दख्खनच्या मातीवर. मग दुसरी पद्धत ठाऊक असून वाडा लाकडाचाच बांधला, तर ती निवड झाली. पद्धतीने रूप ठरवले असे कसे म्हणायचे? उत्तर असे की पद्धत निवडणे हाही बांधणीचाच हिशेब असतो. घुमट आणि कमानी बाजूला रेटा देतात, त्यासाठी भिंती फार जाड लागतात, खाली लाकडी आधाराचा साचा उभा करावा लागतो, आणि चुना पक्का होईपर्यंत थांबावे लागते. मजल्यावर मजला चढवायला ती रीत सोयीची नाही. लाकडी सांगाड्याचे सुटे भाग जमिनीवर घडवता येतात, मग ते एकमेकांत बसवत भराभर उभे करता येतात. शनिवारवाड्याचा पाया 10 जानेवारी 1730 रोजी घातला आणि वास्तुशांत 22 जानेवारी 1732 रोजी झाली, दोन वर्षे. साग जुन्नरच्या जंगलातला, दगड चिंचवडच्या खाणींचा, चुना जेजुरीच्या पट्ट्यातला, असे सांगतात, म्हणजे सगळा माल काही मुक्कामांच्या टप्प्यात. आणि सर्वांत मोठी सोय म्हणजे वाढवता येणे. पुढच्या पेशव्यांनी त्याच वाड्यात चौक, महाल, मजले वाढवले. सतत मोहिमांवर असणाऱ्या, पैशाची आवक दर साल बदलणाऱ्या राज्यकर्त्याला एकदाच पुरे करायचे घर परवडत नाही. खणाखणाने वाढणारे परवडते. हीच सोय सावकाराला होती आणि भटजीलाही. म्हणून पेशव्याचा वाडा आणि आळीतला दोन खोल्यांचा वाडा यांच्यात फरक संख्येचा राहिला, जातकुळीचा नाही.

या निवडीची किंमतही पुण्याने मोजली. 1828 साली शनिवारवाड्याला आग लागली आणि ती सात दिवस धुमसत होती म्हणतात. राहिले ते तट, दिल्ली दरवाजा आणि दगडी जोती. 1879 साली बुधवारवाडा जळाला. आज शनिवारवाड्यात जाऊन महाल कुठे होता असे विचारणाऱ्याला जोती आणि कारंज्यांची तोंडे दाखवावी लागतात, कारण दगडाचे तेवढे उरले आणि लाकडाचे सगळे गेले. खणाच्या घराला पाण्याचेही भय होते. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांत मातीच्या आणि कच्च्या विटांच्या भिंती पाण्याने विरघळल्या आणि वाडे बसले. भिंत भार पेलत नव्हती खरी. पण खुंट्यांनी जोडलेला सांगाडा डोलू नये म्हणून त्याला कुशीत धरून ठेवण्याचे काम तीच करीत होती, हे तेव्हा दिसले. मराठवाड्यात लाकूड कमी, पाऊस कमी. तिथे कौलांऐवजी मातीचे माळवद आले आणि पाऊस गळू नये म्हणून दर काही वर्षांनी त्यावर मातीचा नवा थर पडत गेला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि हे ओझे माणसांवर कोसळले; जवळजवळ 8,000 माणसे गेली. त्याच ढिगाऱ्यांत काही घरांच्या भिंती पडलेल्या आणि लाकडी सांगाडा मात्र उभा, असेही पाहणाऱ्यांना दिसले. दोष एकट्या लाकडाचा किंवा एकट्या मातीचा नव्हता. ज्या रीतीत दोघांचे नाते सैल झाले होते आणि वरचे ओझे वाढत गेले होते, ती रीत माणसे मारून गेली.

चौथा आक्षेप इतिहासाचाच आहे. बांधणी बदलली तरी रूप तसेच राहिल्याची ढळढळीत उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. भाजे आणि कार्ले येथील चैत्यगृहे डोंगर कोरून केलेली. तिथे छत पडण्याचा प्रश्नच नाही, तरी आत खांबांच्या रांगा आहेत आणि पाषाणाच्या छताला लाकडाच्या खऱ्या फासळ्या बसवल्या आहेत. पद्धत रूप ठरवते, तर डोंगरात लाकडी घराची नक्कल का? मला वाटते या उदाहरणांकडे काळाच्या क्रमाने पाहिले की आक्षेपच पुरावा होतो. भाज्याचे खांब आत कललेले आहेत, जसे लाकडी मांडवात रेटा सहन करायला कलवतात. कार्ल्यात, पुढच्या पिढ्यांच्या हातून, ते सरळ उभे झाले. अजिंठ्याच्या एकोणीस आणि सव्वीस क्रमांकाच्या लेण्यांत फासळ्या दगडातच कोरल्या गेल्या, लाकूड सुटले. आणि आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णाच्या काळात वेरूळला कैलास कोरला तो कळसापासून खाली पायाकडे, जे रचलेल्या कोणत्याही इमारतीत होऊच शकत नाही. कोरणाऱ्यांनी काही शतकांत लाकडाची सवय टाकली आणि डोंगराचा स्वतःचा कायदा ओळखला. नवी पद्धत आली की आधी जुन्या रूपाची नक्कल होते. नव्या पद्धतीचे स्वतःचे रूप उशिरा उमलते. मुंबईत 1920 च्या दशकात बीडीडी चाळी सिमेंट-काँक्रीटमध्ये उभ्या राहिल्या, पण त्यांची मांडणी सामाईक वाटेच्या दोन्ही अंगांना एकेक खोली अशी, लाकडी चाळींच्याच वळणाची होती. काँक्रीटला तेव्हा स्वतःची भाषा सापडायची होती.

खण संपला तो एका दिवसात नाही. 1865 साली मंगळुरात बासेल मिशनच्या कारखान्यात यंत्राने दाबलेली कौले निघू लागली आणि हळूहळू ती सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर, मग देशावर पसरली. कुंभाराच्या नळीच्या कौलांना दरसाल शाकारणी लागे. मंगलोरी कौल एकात एक अडकते, एका मापाचे असते आणि त्याला ठराविक अंतरावर रिपा ठोकल्या की पुरते. त्याच्यासोबत सरकारी बांधकामातली कैची, म्हणजे छपराचा त्रिकोणी सांगाडा, आली. कैचीने मधला खांब काढला, आणि शाळा, स्टेशन, कचेरी यांना रुंद खोल्या मिळाल्या. मुंबईत 1860 च्या दशकात वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा विलायतेत ओतून, सुटे भाग जहाजाने आणून जोडला गेला. पुढे लोखंडी गर्डर बाजारात सहज मिळू लागले; त्यावर शहाबादी फरशी आणि वर कोबा टाकून छत करायची रीत पुण्याच्या पेठांत रुजली. पोरबंदरला 1914 साली सिमेंटचा कारखाना सुरू झाल्यावर काँक्रीट देशी झाले. दोन खांबांमधले अंतर दुप्पट-तिप्पट झाले, खोल्या पाठीला पाठ लावून बसवता येऊ लागल्या, विजेचा दिवा आणि पंखा आला, आणि चौकाची बांधणीतली गरज संपली. लोक म्हणतात एकत्र कुटुंब फुटले म्हणून वाडे गेले. कुटुंब फुटले हे खरे, जमिनीचे भाव आणि भाडेनियंत्रण हेही खरे. पण वाडा गेल्यावर पुन्हा तसा उभा राहिला नाही याचे एक कारण असे की त्याला जन्म देणारा खणच उरला नव्हता. आज काँक्रीटचे फार्महाऊस बांधून सपाट स्लॅबवर मंगलोरी कौले चिकटवतात, ती भाज्याच्या लाकडी फासळ्यांसारखीच आहेत.

आताची पद्धत आणखी पुढे गेली आहे. मोठ्या संकुलांत ॲल्युमिनियमचे साचे उभे करून भिंती आणि स्लॅब एकाच वेळी ओततात. आठवड्याभरात मजला उठतो. साचा महाग, म्हणून तो शेकडो वेळा वापरला तरच परवडतो, आणि म्हणून प्रत्येक मजल्यावर तीच खोली, तीच खिडकी. तिसऱ्या मजल्यावरचे कुटुंब सतराव्या मजल्यावरच्या कुटुंबासारखेच राहते असे कोणी ठरवलेले नाही, ते साच्याने ठरवले. खांब-तुळयांच्या सांगाड्यात विटांच्या भिंती भरलेली इमारत असती तर मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक करता आली असती. इथे भिंत हीच इमारतीचे हाड आहे, तिला हात लावता येत नाही. वाड्यात खांब हलत नव्हता, पण पडदीची भिंत पिढीगणिक सरकत होती: मुलाचे लग्न झाले की खोली निघे, वाटणी झाली की चूल वेगळी होई, भाडेकरू आला की ओसरी बंद होई. या घरांत ते होणार नाही. आजच्या पद्धतीचे फायदे मी नाकारत नाही. काँक्रीटच्या भिंती भूकंपात नीट उभ्या राहतात, घरे लवकर होतात, कामाच्या दर्जावर लक्ष ठेवता येते, आणि लाखो माणसांना घर हवे आहे. पण ही घरे बदलत्या कुटुंबाला जागा देणार नाहीत, आणि ही उणीव नकाशा काढणाऱ्याच्या कल्पनेची नसून साच्याची आहे. म्हणून घरबांधणीचा वाद फक्त दर्शनी भागावर आणि सुविधांच्या यादीवर न करता कोणत्या पद्धतीने बांधणार यावर व्हायला हवा. घर घेणाऱ्यानेही विकासकाला हा प्रश्न विचारावा, कारण पुढची पन्नास वर्षे त्याला त्या उत्तरात राहायचे आहे.

राहिलेल्या वाड्यांचे काय? सगळे वाचणार नाहीत, सगळे वाचावेत असा हट्टही धरता येणार नाही. ज्यांचे छत गळते, जिने मोडले आहेत आणि भाडे तुटपुंजे आहे त्या मालक-भाडेकरूंना वारसा जपा असे बाहेरून सांगणे सोपे असते. परंतु वाडा पाडताना आज जे वाचवले जाते ते कोरीव हस्त, दरवाजाची चौकट, एखादा सुरूचा खांब. ते जुन्या बाजारात विकले जातात आणि कुणाच्या तरी दिवाणखान्यात शोभेला उभे राहतात. ज्या रीतीने ते जोडले होते ती रीत मात्र राडारोड्यात जाते. तळखड्यापासून आढ्यापर्यंतची मापे, खणांची रुंदी, तुळईची लांबी, खुंट्यांचे सांधे, मातीच्या थराची जाडी, चुन्याचा पोत: ही माहिती कागदावर उतरवायला फार खर्च येत नाही. आपल्या शहरांत वास्तुकलेची महाविद्यालये आहेत, शिकणारी मुले आहेत, मोजमापाची साधने आहेत. वाडा पाडण्याची परवानगी देताना त्याचा खणवार नकाशा आणि सांध्यांची चित्रे महापालिकेकडे जमा करण्याची अट घालावी, आणि वाडा ज्यांच्या मालकीचा आहे त्यांनी अटीची वाट न पाहता पहिला हातोडा पडण्याआधी एकदा सुताराला आणि एखाद्या विद्यार्थ्याला बोलावून तो मोजून घ्यावा.